मुंबई ते कोलकाता ट्रकने माल : फुल गाडी की पार्टलोड?

वर्कशॉपवाली
नमस्कार मंडळी. तळोज्याला आमचा छोटा कारखाना आहे. जहाजांवरच्या आणि गोदीतल्या पंपांचे सुटे भाग आम्ही करतो: शाफ्ट, इंपेलर, व्हॉल्व्हच्या बॉड्या. आजवर सगळा माल मुंबई-पुण्याच्या पट्ट्यातच जायचा. सकाळी टेम्पो निघाला की संध्याकाळी पोच हातात. आता कोलकात्याहून नियमित काम मिळालं आहे. दर महिन्याला साधारण पाच टन माल, किंमत १८ लाखांच्या आसपास, उतरवायचा गार्डन रीचजवळ. बहुतेक सगळं लाकडी खोक्यांत, पण दोन-तीन शाफ्ट सहा मीटर लांब आहेत.

कळंबोली आणि भिवंडीतून भाव काढले. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महाग यांत अडीचपट फरक! स्वस्तवाला म्हणतो, "मॅडम, काळजीच नको, आठवड्यात पोच." महागवाला म्हणतो, "गाडी फक्त तुमची." दोघांच्या बोलण्यातून नेमकं काय विकत घ्यायचं ते कळत नाही. शिवाय रेल्वे किंवा जहाज परवडेल का, हाही प्रश्न आहेच, कारण दोन्ही गावं बंदराची. ज्यांचा माल नियमित इतक्या लांब जातो त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

रिकामा_कंटेनर
वाचतोय. धागा दोन हजार किलोमीटर लांब जाणार असं दिसतंय. :)

घाटमाथा
ताई, भावाचं नंतर बघू. आधी प्रत्येक ट्रान्सपोर्टरला एकच प्रश्न विचारा: माझा माल तळोज्यात चढल्यावर कोलकात्यापर्यंत मध्ये किती वेळा उतरणार? उत्तर द्यायला जो आढेवेढे घेईल त्याचा भाव ऐकूसुद्धा नका.

पार्टलोड म्हणजे काय होतं ते सांगतो. तुमच्याकडून छोटी गाडी माल उचलते आणि भिवंडी किंवा कळंबोलीच्या गोदामात टाकते. तिथे कोलकात्याचा माल पुरेसा साठेपर्यंत तो पडून राहतो. मग मोठ्या गाडीत चढतो. बऱ्याचदा नागपूर किंवा रायपूरला पुन्हा उतरतो, कारण पुढची गाडी वेगळी. मग कोलकात्याजवळच्या डानकुनी किंवा धूलागडच्या गोदामात उतरतो आणि तिथून छोट्या गाडीने तुमच्या गिऱ्हाईकाकडे जातो. म्हणजे खोकी चार-पाच वेळा उचलली आणि आपटली जाणार. कापडाच्या गठ्ठ्याला त्याने काही होत नाही. पण घासून-पुसून मायक्रॉनमध्ये बसवलेल्या शाफ्टला होतं.

माझ्या गाड्या या रस्त्याला बरीच वर्षं होत्या, आता धंदा बंद केलाय. माझं मत पक्कं आहे: यंत्राचा माल असेल तर एका गाडीत चढलेला माल त्याच गाडीतून उतरला पाहिजे.

काटा_पावती
घाटमाथा, बरोबर आहे तुमचं, पण पार्टलोडवाल्यांना सरसकट झोडपू नका. मी कळंबोलीत ट्रान्सपोर्टच्या ऑफिसातच बसतो. देशातल्या लहान कारखान्यांचा माल पार्टलोडवरच चालतो. पाच खोकी घेऊन कोणी बाराचाकी लावणार आहे का? आमच्याकडे कोलकात्याची थेट गाडी भरते तेव्हा मध्ये कुठेही माल उतरत नाही, सरळ धूलागड. फरक पडतो तो थेट लाइन आहे की हबमार्गे, यानेच. तेव्हा ताई, प्रश्न घाटमाथांचाच विचारा, पण पार्टलोड शब्द ऐकला की फोन ठेवू नका.

आणखी एक. पार्टलोडमध्ये भाडं नुसत्या वजनावर नसतं. खोकं हलकं पण अवाढव्य असेल तर घनफुटांवर वजन धरतात. एका घनफुटाला किती किलो धरणार ते आधी लिहून घ्या, कोणी सहा धरतो, कोणी दहा. तुमचा माल लोखंडी, वजनदार आहे, त्यामुळे खोक्यांवर फार फरक पडणार नाही. पण सहा मीटरचा शाफ्ट पट्टीने मोजून भलतंच बिल लावणारे मी पाहिलेत.

वर्कशॉपवाली
दोघांचेही आभार. स्वस्तवाल्याला आत्ताच फोन करून विचारलं. आधी म्हणाला "कुठेच उतरत नाही", मग "नागपूरला फक्त गाडी बदलते". म्हणजे उतरतोच ना!

रिकामा_कंटेनर
माल उतरत नाही हो, गाडीच मालाखालून निघून जाते. :ड

सीए_मंजिरी
गाडी मध्ये बदलणार असेल तर ई-वे बिलाकडे (मालासोबत लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद) लक्ष ठेवा. पन्नास हजारांच्या वरच्या मालाला ते लागतंच. जानेवारी २०२१ पासून साध्या मालाला दर २०० किलोमीटरला एक दिवस मिळतो (आधी १०० ला एक होता), म्हणजे कोलकात्याला साधारण दहा दिवस. फुल गाडीला हे भरपूर झाले. पण मुदत पार्ट-बीत (बिलातला गाडीचा भाग) पहिल्यांदा गाडीनंबर भरला की सुरू होते. म्हणजे तुमच्या दारातून गोदामापर्यंत नेणाऱ्या टेम्पोचा नंबर टाकला की घड्याळ चालू, आणि माल भिवंडीत चार दिवस पडला तर ते चार दिवस गेले. प्रत्येक वेळी गाडी बदलली की पार्ट-बीत नवा नंबर हवा. मुदत संपायच्या आधीच्या आठ तासांत किंवा नंतरच्या आठ तासांतच ती वाढवता येते, आणि तेव्हा माल ज्या वाहतूकदाराकडे असेल त्यानेच वाढवायची. मुदत संपलेल्या बिलावर गाडी अडली तर मालक पुढे आला तरी कराच्या दुप्पट दंड आहे.

भाड्यावरचा जीएसटी बिल्टी (माल ताब्यात घेतल्याची ट्रान्सपोर्टरची पावती) देणाऱ्या ट्रान्सपोर्टरच्या बाबतीत बहुतेक वेळा रिव्हर्स चार्जने तुम्हीच ५% भरता. बिल्टी न देणाऱ्या गाडीमालकाकडून थेट गाडी घेतली तर भाड्यावर कर नाही, हे खरं. पण त्या मोहात पडू नका. बिल्टी नसेल तर माल कोणाच्या ताब्यात दिला याचा कागदच राहत नाही.

रुळावरून
कोणी रेल्वेचं नाव काढेना म्हणून लिहितो. मुंबई आणि कोलकाता १८७० साली रेल्वेने जोडली गेली, जबलपूर-अलाहाबादमार्गे. नागपूरवरून सरळ वाट नंतर झाली. आजही हावडा-शालिमारकडे जाणारं पार्सल आहे, आणि रेल्वेने तिथे किती लांबचा माल जातो याचं उदाहरण म्हणजे डिसेंबर २०२० मध्ये सांगोल्याहून शालिमारला निघालेली शंभरावी किसान रेल. भाजी आणि फळं दोन हजारांहून जास्त किलोमीटर गेली. मग लोखंड का नाही?

घाटमाथा
जाईल ना. पण पार्सल डब्याच्या दारातून सहा मीटरचा शाफ्ट कसा वळवणार? आणि तळोज्याहून स्टेशनपर्यंत एक गाडी, शालिमारहून गार्डन रीचपर्यंत दुसरी. परत चार वेळा उचलणं आलंच. रेल्वे चांगली आहे, पण रेक (अख्खी मालगाडी) भरेल इतका किंवा निदान कंटेनर भरेल इतका माल असेल तर.

भरतीओहोटी
जहाजाची बाजू मी मांडतो, बंदरातच आयुष्य चाललंय. न्हावा शेव्यातून कंटेनर किनाऱ्याकिनाऱ्याने कोलकात्याला किंवा हल्दियाला जाऊ शकतो. २०१८ पासून परदेशी जहाजांनाही देशातल्या बंदरांदरम्यान कंटेनर न्यायची बरीच मोकळीक मिळाली आहे. टनामागे खर्च ट्रकपेक्षा कमी पडतो, धक्के कमी बसतात. मात्र वेळ लागतो. नकाशावर पाल्कची सामुद्रधुनी दिसते खरी, पण ती उथळ आहे, मोठी जहाजं श्रीलंकेला वळसा घालूनच जातात. पुढे हुगळी नदी. समुद्रापासून नदीतून वर जायचं ते पायलट घेऊन, भरतीची वेळ साधून, आणि खिदिरपूरच्या गोदीत (१८९२ सालची आहे ती) पाण्याच्या दरवाजातून आत शिरायचं. वेळेची घाई नसेल तर विचार करा.

सर्व्हेअर_नाशिक
भरतीओहोटी, वीस फुटी कंटेनरची आतली लांबी किती?

भरतीओहोटी
५.९ मीटर. अरे हो, शाफ्ट सहा मीटरचा! तिरपा बसेल, पण तिरपा बांधलेला शाफ्ट समुद्रात नीट धरून ठेवणं सोपं नाही आणि उरलेली खोकी भोवती अडचणीत येतील. चाळीस फुटी घ्यावा लागेल, आणि पाच टनांसाठी चाळीस फुटी म्हणजे हवेचं भाडं भरणं. ताईंचा माल वीस-बावीस टनांवर जाईल तेव्हा मी परत येतो या धाग्यावर.

सर्व्हेअर_नाशिक
आता माझा विषय. मी मालाच्या नुकसानीचे सर्व्हे करतो, त्यामुळे मोडलेलंच जास्त बघतो.

ट्रकचा विमा ट्रकचा असतो, आतल्या मालाचा नव्हे. हे अजूनही कित्येक कारखानदारांना ठाऊक नसतं. वाहतूकदार किती भरून देणार हे २००७ च्या कॅरेज बाय रोड कायद्यात आणि त्याच्या नियमांत आहे: बिल्टीवर जास्त किंमत जाहीर करून जास्त जोखमीचं भाडं कबूल केलेलं नसेल तर भाड्याच्या दहा पटींपर्यंतच. समजा पार्टलोडचं भाडं २०,००० झालं. मग १८ लाखांच्या मालाचं पूर्ण नुकसान झालं तरी वाहतूकदाराकडून जास्तीत जास्त दोन लाख. बाकीचे सोळा कुठून आणणार? म्हणून स्वतःचा ट्रान्झिट विमा हवाच, आणि तुमच्यासारखं दर महिन्याचं काम असेल तर ओपन पॉलिसी घ्या, प्रत्येक गाडीमागे फक्त जाहीर करायचं. पॉलिसी कोणत्या क्लॉजवर आहे ते वाचा. 'ए' क्लॉज सर्व जोखमींचा, 'बी' आणि 'सी' मोजक्या घटनांचेच. खोकं फोर्कलिफ्टवरून पडलं, तर 'सी' क्लॉजवाल्याच्या हाती काही लागत नाही.

बिल्टीवर "ओनर्स रिस्क" असा शिक्का असला म्हणजे वाहतूकदार सुटला असं नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच तसा निकाल दिला आहे. पण दावा करायचा तर बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत वाहतूकदाराला लेखी नोटीस गेलीच पाहिजे. विमा कंपनी पैसे देईल, पण ही नोटीस राहिली तर तिचा वाहतूकदारावरचा वसुलीचा हक्क बुडतो आणि मग तुमच्या दाव्यात कटकट होते.

शाफ्टबद्दल. सहा मीटरचा शाफ्ट दोन्ही टोकांवर टेकवून ठेवला तर तो स्वतःच्या वजनाने मधे झुकतो आणि रस्त्याच्या प्रत्येक गचक्याला हेलकावतो. दोनच घोड्या (खालचे आधार) देत असाल तर टोकांपासून साधारण १.३ मीटर आत द्या, तिथे वाक सगळ्यात कमी येतो. मधे तिसरी घोडी रबराच्या पट्टीवर हलकी टेकू द्या. बेअरिंग बसायच्या जागेवर घोडी कधीच नको. गंजासाठी ग्रीसवर व्हीसीआय कागद, वर प्लास्टिक, टोकं सील. पावसाळ्यात ताडपत्री डबल आणि ओढलेली, फाळक्याच्या (गाडीच्या मागच्या दाराच्या) आतून पाणी शिरता कामा नये.

घाटमाथा
सर्व्हेअरसाहेब, हे घोडीचं गणित आमच्या लोडिंगवाल्यांना आधी कोणी सांगितलं असतं तर! आम्ही नेमके टोकांखालीच ओंडके द्यायला सांगणारे गिऱ्हाईक बघितलेत.

सहा मीटर म्हणजे पावणेवीस फूट. १९ फुटी बॉडी नको, फाळका उघडा टाकून शाफ्ट बाहेर काढतील. बॉडीबाहेर डोकावणारा माल नियमात बसत नाही आणि रात्री मागच्याच्या जिवावर बेततो. २२ फुटी गाडी मागा.

हुगळीकाठचा
कोलकात्यातून मराठी माणूस बोलतोय! नोकरीनिमित्त इथेच आहे. उतरवण्याच्या टोकाचं सांगतो, कारण इथे येऊन माल अडकतो.

दिवसा शहरात मोठ्या गाड्यांना बंदी असते. तुमची गाडी सकाळी पोहोचली तर ती हावड्याच्या बाजूला, धूलागडच्या ट्रक टर्मिनलवर किंवा महामार्गावर रात्रीची वाट बघत उभी राहणार. रात्री विद्यासागर सेतूवरून खिदिरपूर, गार्डन रीचकडे येईल. म्हणजे तुमच्या गिऱ्हाईकाकडे रात्री माल उतरवायला माणसं आणि हायड्रा (छोटी क्रेन) किंवा फोर्कलिफ्ट हवी. नसेल तर पुढचा दिवस गेला आणि हॉल्टिंग (गाडी थांबल्याचे पैसे) सुरू. खोकी हमालांनी (इथे मुटिया म्हणतात) उतरवण्यासारखी आहेत का, तेही विचारा. दोनशे किलोच्या पुढचं खोकं हातांनी उतरवणं म्हणजे कोणाचा तरी पाय जाणार.

आणि तारखा बघा. १७ सप्टेंबरला विश्वकर्मा पूजा. त्या दिवशी इथल्या कोणत्याही वर्कशॉपमध्ये मशीनची पूजा होते, काम नाही. पुढे दुर्गापूजेच्या दिवसांत तर शहरात मालाची गाडी आणायचा विचारही करू नका. पूजेच्या आधीचे दोन-तीन आठवडे गाड्यांना मागणी प्रचंड असते, भाडं चढलेलं असतं.

वर्कशॉपवाली
हे फार मोलाचं. गिऱ्हाईकाला विचारलं, त्यांच्याकडे रात्री क्रेन आहे पण ऑपरेटरला आदल्या दिवशी कळवावं लागतं. हे त्यांनी आपणहून कधीच सांगितलं नसतं.

आता भाड्याचं कोणीतरी समजावा. अडीचपट फरक कशाने?

घाटमाथा
सांगतो. मुंबई-कोलकाता साधारण दोन हजार किलोमीटर धरा. भरलेली बाराचाकी लिटरला चार किलोमीटर देते, म्हणजे ५०० लिटर. डिझेल नव्वदीच्या आसपास धरलं तर ४५,००० नुसतं जाळायला. वर टोल, ड्रायव्हरचा खर्च, टायर, बँकेचा हप्ता. २२ फुटी दोन एक्सलची गाडी कमी पिते, पण हिशोबाची जात तीच. यातलं कोणी काही कमी करू शकत नाही.

फरक पडतो परतीच्या मालाने. कोलकात्याहून मुंबईला भरलेली गाडी सहज मिळत नाही. गाडीवाला एक तर तिथे माल शोधत बसतो, नाही तर रिकामा जमशेदपूर किंवा राउरकेल्याला जाऊन लोखंड भरतो, किंवा रायपूरपर्यंत जे मिळेल ते. ज्याच्या हातात परतीचा माल पक्का आहे तो तुम्हाला जातानाचं भाडं कमी सांगू शकतो. ज्याच्या हातात नाही तो परतीचा अर्धा खर्च तुमच्याच भाड्यात टाकतो. म्हणून बोलताना विचारा, "परतीला काय आणता?" हा प्रश्न ऐकला की समोरच्याला कळतं की गिऱ्हाईक जाणकार आहे.

आणि फारच कमी भाव सांगणारा गाडीत जास्त माल कोंबतो. २०१८ मध्ये एक्सलची मर्यादा वाढवून दिली: चार टायरच्या मागच्या एक्सलला १०.२ वरून ११.५ टन, जोड एक्सलला १९ वरून २१. तरी लोक त्याच्या वर भरतात. दंड २०,००० आणि वरच्या प्रत्येक टनाला २,०००, शिवाय जादा माल रस्त्यात उतरवायला लावतात. त्या उतरवलेल्या मालात तुमची खोकी असली तर?

काटा_पावती
म्हणूनच माझं नाव काटा पावती आहे. :) गाडी भरल्यावर काट्यावर नेऊन पावती घ्या, तिचा फोटो स्वतःकडे ठेवा. भरलेलं वजन आरसीवरच्या एकूण वजनाच्या आत आहे की नाही, एका मिनिटात कळतं.

ड्रायव्हरचा_मुलगा
माझे वडील याच रस्त्यावर गाडी चालवायचे. इथे सगळे भाव, बिल्टी, विमा बोलतायत, मी गाडी चालवणाऱ्याबद्दल लिहितो.

"आठवड्यात पोच" हे ऐकायला बरं वाटतं. एक ड्रायव्हर दिवसाला साडेतीनशे-चारशे किलोमीटर नीट चालवू शकतो. म्हणजे कोलकाता पाच-सहा दिवस. १९६१ चा मोटर ट्रान्सपोर्ट कामगार कायदा (नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू होता) आठ तासांचा दिवस सांगायचा, आणि पाच तास सलग काम झालं की अर्धा तास विश्रांती. रस्त्यावर हे कोण पाळतं? जो "चार दिवसांत पोचवतो" म्हणतो तो कायदाही मोडतो आणि माणसाची झोपही. संबळपूरच्या पुढे बडरमाच्या घाटात, जंगलातून रात्री जाताना झोपेने डोळा लागलेल्या गाड्यांचं काय होतं ते वडिलांनी पुष्कळ बघितलं. खरगपूरच्या अलीकडे झाडग्रामच्या पट्ट्यात रस्त्यावर हत्ती येतात, तिथे तर डोळे टक्क उघडे लागतात.

आणि पोचल्यावर? गाडी दोन दोन दिवस दारात उभी. ना अंघोळीची सोय, ना संडासची. हॉल्टिंगचे पैसे मालकाला मिळतात, ड्रायव्हरला क्वचितच. ताई, तुम्ही गिऱ्हाईकाला क्रेन आधी बुक करायला सांगितलीत, ते फार चांगलं केलंत. गेटवर ड्रायव्हरला पाणी आणि संडास वापरू द्या, एवढं पण सांगा त्यांना. ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ट्रकांना एसी केबिन सक्तीचं झालंय, ते चांगलं झालं, पण उभ्या गाडीत डिझेल जाळून एसी लावायची परवानगी मालक देत नाही.

वर्कशॉपवाली
मनापासून लिहिलंत. गिऱ्हाईकाला पाठवायच्या यादीत हे पहिल्या ओळीत घालते, आणि आमच्या गेटवरही हेच लागू.

रिकामा_कंटेनर
अवांतर: समृद्धीवरून गेलं तर नागपूरपर्यंत वेळ वाचतो ना? कसाऱ्याचा घाटही टळतो.

घाटमाथा
वाचतो. जून २०२५ पासून आमणे ते नागपूर पूर्ण ७०१ किलोमीटर खुला आहे, ट्रकला ८० ची मर्यादा. पण टोल झोंबतो, म्हणून पुष्कळ गाडीवाले अजून नाशिक-धुळे करून राष्ट्रीय महामार्ग ५३ धरतात. जळगाव, अकोला, अमरावती, नागपूर. हाच ५३ पुढे रायपूर, संबळपूर करत पारादीपला पोचतो. सुरतजवळच्या हजिरा बंदरातून निघून पारादीप बंदरात संपतो. आपली गाडी मात्र देवगडच्या पुढे ४९ ला लागून खरगपूर गाठते. (देवगड ओडिशातलं बरं का, आंब्याचं नव्हे.) समृद्धीवर सिमेंटचा तापलेला रस्ता आणि सरळसोट लांब पट्टा, जुने टायर असतील तर फुटतात. समृद्धीने पाठवायचं ठरलं तर जास्तीचा टोल कोणाचा, हे भाव ठरवतानाच बोला.

फाउंड्री_ऑफिस
उशिरा येतोय. आमचंही तळोज्यातच आहे, एमआयडीसीच्या दुसऱ्या टोकाला. दर महिन्याला हावड्याला साडेचार-पाच टन कास्टिंग जातं. पार्टलोडने पाठवतो आणि दर वेळी एखादं कास्टिंग कान तुटून पोचतं. मागच्या खेपेला एका ट्रान्सपोर्टरच्या गोदामात आमच्या खोक्यावर दुसऱ्याचा मोटरचा क्रेट ठेवलेला, खालचं खोकं चिरडलं. त्याचं म्हणणं, "तुमचं पॅकिंग कच्चं." ताई, आपण दोघं मिळून एक २२ फुटी गाडी केली तर?

काटा_पावती
हे सगळ्यात उत्तम! पाच आणि पाच दहा टन. गाडीच्या आरसीवरचं एकूण वजन वजा रिकाम्या गाडीचं वजन करून बघा, दोन एक्सलची २२ फुटी साधारण तेवढं घेते. काठावर असेल तर तीन एक्सलची घ्या. उतरवण्याचा क्रम महत्त्वाचा: हावडा आधी लागतं, म्हणून हावड्याचं कास्टिंग शेवटी भरायचं, फाळक्याजवळ. पण सगळं वजन मागे जाऊ देऊ नका, मागच्या एक्सलवर भार जास्त होतो. कास्टिंगचा काही भाग पुढे ठेवावा लागला तर मधे शाफ्टना हात न लागता तो काढता आला पाहिजे. बिल्टी दोघांची वेगळी.

सीए_मंजिरी
ई-वे बिलंही वेगळी. ट्रान्सपोर्टर दोन्हींचं एकत्रित बिल एका गाडीनंबरावर करू शकतो. आणि करारात लिहून घ्या: मध्ये दुसरा कोणाचाही माल चढणार नाही.

सर्व्हेअर_नाशिक
आणि "गाडी बदलणार नाही, बदलावी लागली तर आधी फोन." गाडी बिघडली तर माल दुसरीकडे हलवावाच लागतो, तेव्हा हलवतानाचे फोटो मागा. विमा मात्र एकमेकांच्या भरवशावर नको, दोघांची पॉलिसी स्वतंत्र.

भरतीओहोटी
दोघांचे मिळून दहा टन म्हणजे... नाही, अजून माझी वेळ आली नाही. आणखी एक भागीदार शोधा, मग बोलू.

वर्कशॉपवाली
फाउंड्री_ऑफिस यांच्याशी फोनवर बोलणं झालं, उद्या भेटतोय. महागवाल्या ट्रान्सपोर्टरला विचारलं, "परतीला काय आणता?" तो हसला आणि म्हणाला, राउरकेल्याहून प्लेट. दोघांत वाटून घेतलं तर आमच्या वाट्याचं भाडं पार्टलोडच्या जवळपासच बसतंय. हॉल्टिंगचं ठरलं: हावड्याला आठ तास आणि गार्डन रीचला बारा तास फुकट, पुढे दिवसाचे पैसे, त्यातला ठरलेला भाग थेट ड्रायव्हरच्या खात्यात. यावर तो जरा अडला, पण कबूल झाला.

शेवटचा प्रश्न. पोच म्हणून सहीच्या बिल्टीचा फोटो चालेल, की मूळ कागद मागवायचा?

काटा_पावती
दोन्ही. फोटो उतरवल्या दिवशीच, मूळ प्रत मिळाल्यावरच उरलेलं भाडं. आणि गिऱ्हाईकाला सांगा, सही करण्याआधी खोकी नीट बघून काही ओलं, तुटलं, उघडलेलं असेल तर ते बिल्टीच्या तिन्ही प्रतींवर स्वतःच्या हाताने लिहायचं. ड्रायव्हरची सही त्याच ओळीखाली. नुसता "माल मिळाला" असा शिक्का मारून दिला तर नंतर भांडायला कागदच उरत नाही.

सर्व्हेअर_नाशिक
आणि असं काही लिहावं लागलंच तर खोकं तसंच ठेवा, विमा कंपनीचा सर्व्हेअर येईपर्यंत उघडू नका. कोलकात्यात सर्व्हेअर एका दिवसात येतो, फक्त पॉलिसी नंबर गिऱ्हाईकाकडे आधीच देऊन ठेवा.